माठावरची माळ

३ ऑगस्ट, रविवार

नानांनी गॉगल घातलाय. काळा, जत्रेत मिळतो तसला. ओट्यावर बसून माळा बांधतायत आणि डोळ्यांवर गॉगल. "डोळं आल्यात," म्हणे. समोर दहा-बारा माणसं, कुणी पिवळं, कुणी नुसतंच भ्यालेलं. सगळ्यांना ते पटलं.

मला नाही पटलं. माणसं गेल्यावर नाना तोंड धुवायला न्हाणीत गेले, गॉगल खुंटीला. मी टॉवेल द्यायच्या निमित्तानं मागं उभी राहिले. वळले. दोन्ही डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे.

काविळीची माळ बांधणाऱ्याला कावीळ. आणि लपवतोय.

"किती दिवस झाले?"

"पंधरा येक दिस."

"आणि?"

सदऱ्याचं बटण काढून दाखवलं. आत माळ. स्वतःची स्वतः बांधलेली. छातीपर्यंत आलीय. "उतरतीया की," म्हणाले. वर हसले.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या काकू कुंपणापर्यंत आल्या होत्या ऐकायला.

तीन पिढ्या चाललंय हे माहेरी. पणजोबा, आजोबा, आता वडील. ओढ्याकाठची एक वेल, तिचे पेराएवढे तुकडे, दोऱ्यात गाठी मारून माळ, माळ डोक्यावर. तेल, तिखट, हळद बंद. माळ आपोआप वाढत जाते. कपाळ, गळा, छाती. बेंबीला टेकली की कावीळ उतरली, माळ बाभळीवर टाकायची. वेलीचं नाव बाहेर गेलं की गुण गेला. मी रक्त तपासणारी बाई, पारनेरला स्टँडजवळ स्वतःची लॅब, आणि ते नाव मला या वहीतसुद्धा लिहवत नाही. याचा राग वेगळाच.

निघताना ताटात उरलेली एक माळ उचलून पर्समध्ये टाकली. घरी आल्यावर जुना माठ उपडा केला आणि त्याच्यावर ठेवली, फडताळाच्या वर. हे म्हणाले, "माठाला कावीळ झाली का?"

म्हटलं बघू.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पहिल्या गाडीनं गावी जाऊन नानांचं रक्त घेतलं. "घे बाई, तुझं मन राहू दे." हात पुढं केला तोही उपकार केल्यासारखा.

दुपारी मशीनमधून कागद बाहेर आला. बिलिरुबिन ११.८, एकच्या आसपास असायला हवं. मी दुसऱ्यांदा लावलं. ११.७.

बाकीचे आकडे बघून जास्त भीती वाटली. लिव्हर सुजलंय असं दिसत नाही. पित्ताची वाट अडलीय असं दिसतंय. फोन करून विचारलं, खाज सुटते का? "लई." शौचाला? "पांढऱ्या मातीवानी." पोटात दुखतं? "आजिबात न्हाई," मोठ्या अभिमानानं.

न दुखणारी कावीळ, खडा असता तर बहुतेक दुखलं असतं. एकाहत्तर वय. मी डॉक्टर नाही, पण अठरा वर्षं हेच कागद बघतेय. सोनोग्राफी करा म्हटलं. "माळ बेंबीला टेकू दे, मग बघू."

फोन आपटला. मग स्क्रीनची काच बघितली, धड आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

संतोषला फोन केला. धाकटा भाऊ, नगरला सावेडीत जिम होती, आता तिच्यावर 'वेलनेस' असा बोर्ड आहे. अडतिसाव्या वर्षी केस काळे करतो आणि पंचविशीचा दिसतो असं स्वतःच सांगतो.

"मला माहितीये ताई. नानांचं मी बघतोय."

काय बघतोयस?

"रिपेअर चालू आहे. तू टेन्शन नको घेऊ."

भिंत आहे का ती, रिपेअर करायला?

संध्याकाळी त्यानं एक व्हिडिओ पाठवला. इटलीतल्या कुठल्याशा डोंगरातल्या म्हाताऱ्या बांधावरचा पाला खुडून उकळून पितात आणि नव्वदीत जिने चढतात. आमच्या आजीनं जन्मभर बांधावरची पाथरी आणि घोळ खाल्ली, नव्वदीत विहिरीवरून पाणी आणलं. तिचा व्हिडिओ कुणी काढला नाही, कारण ती नगर जिल्ह्यातली होती.

उत्तर दिलं नाही. नुसता अंगठा पाठवला, तोही रागानं.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी पौर्णिमा

नानांकडे दोघंही. मी नारळीभात नेला होता, दूध ठेवायला फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात, जिथं अंडी ठेवतात तिथं, पाच बारक्या बाटल्या. आत पांढरी पावडर. दोन रिकाम्या. शेजारी इन्सुलिनच्या सुया.

"हे काय आहे?"

संतोष: "पेप्टाइड आहे ताई. शरीर जुनं झालं की ते सिग्नल द्यायचं विसरतं, हे आठवण करून देतं. मी स्वतः वर्षभर घेतोय. बघ ना माझी स्किन."

बाटलीवर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलंय की माणसांसाठी नाही, फक्त संशोधनासाठी. मी ते मोठ्यानं वाचलं, मराठी करून, नानांसमोर.

"लायसनची भानगड असती म्हणून लिहितात तसं. सगळे लिहितात."

"किती दिलीस?"

"नऊ दिवस झाले. पोटावर, रोज एक सुई. नानाच म्हणाले दे."

नाना तिकडे जमिनीकडे बघत, "पोराचं बी मन राखाय पायजे."

म्हणजे माझं मन राखायला रक्त, पोराचं मन राखायला सुई आणि गावाचं मन राखायला गॉगल. स्वतःच्या लिव्हरचं मन कोण राखणार?

बाटल्या रुमालात बांधल्या, लॅबच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायला. संतोष आडवा आला. "हात नको लावू ताई, कुठून कुठून मागवावी लागतात." मी म्हटलं, ओवाळायचं असेल तर बाजूला हो. झाला बाजूला. मग त्याला राखी बांधली. गाठ नीट बसली नाही, त्यानं ती दातानं ओढून घट्ट केली आणि न जेवता गेला.

नारळीभात नानांना चालत नाही. काकूंकडे देऊन आले.

१० ऑगस्ट, रविवार

आज मुद्दाम उशिरा गेले, माणसं पांगल्यावर. रिक्षात मांडीवर माठ. सगळ्या वाटेवर लोक बघत होते.

माठावरची माळ आठ दिवसांत बुडावरून घसरून पार काठाशी आलीय. टोपीएवढी होती, आता माझ्या गळ्यात घातली तर छातीच्या खाली येते. माठाची कावीळ उतरली.

मी ओट्यावर माठ ठेवला नानांच्या पुढ्यात. भाषण तयार केलं होतं मी. वेल वाळते, तुकडे आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. यात कावीळ कुठंच नाही.

नानांनी गॉगल काढला. माळ हातात घेतली, गाठी चाचपल्या.

"मला ठावं हाय," म्हणाले.

मी म्हटलं काय ठाऊक आहे?

"ह्येच. कुठं बी टांगली तरी वाडती."

"कधीपासून?"

माळ परत माठावर ठेवली आणि म्हणाले, "तुजी आई गेली, तवापासनं."

आई. मी अकरावीत होते. आईला कावीळ झाली, नानांनी माळ बांधली, चौथ्या दिवशी तिला सारखी झोप यायला लागली, पाचव्या दिवशी तिनं मला ओळखलं नाही. मला म्हणाली, तुम्ही कुणाच्या? सहाव्या दिवशी गेली. दवाखान्याची गाडी वेशीपर्यंत आली होती.

"तिची माळ म्या काडून खुंटीला लावली व्हती. बाभळीवर टाकायचा जीव झाला न्हाई. दहाव्याला बगितलं तर माळ हातभर वाडल्याली. मानूस जाऊन दहा दिस झालं, आन् माळ वाडतीच हाय."

असं सांगितलं, जसं कुणी पावसाचं सांगतं.

मी माठ तिथंच टाकून उठले. फुटला का बघितलंही नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सव्वीस वर्षं. ठाऊक असून सव्वीस वर्षं बांधतायत.

मला वाटायचं ते अडाणी आहेत. अडाण्यावर किती रागवणार? मी लग्नात, बाळंतपणात, दिवाळीला, दरवेळी तेवढ्यावर सोडून दिलं. आता काय करू?

लॅबमध्ये दोन सॅम्पल सांडली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काही लिहायचं नाही. नानांचा फोन आला दोनदा. घेतला नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज एक म्हातारबुवा आले लॅबमध्ये, नातवाला घेऊन. कावीळ. "नानांनी धाडलंय." मी तडकून म्हटलं, मग माळ का नाही बांधली? आज त्यांची कृपा कशी आटली?

म्हातारा बावरला. "तसं न्हाई बाई. नाना म्हनले, पैलं माज्या पोरीकडं रगत तपास. चिट्टी आन. चिट्टी बगितल्याबिगर माळ न्हाई. ह्यो नेमच हाय त्येंचा."

कधीपासून?

"तुमी लॅब काढल्यापासनं. त्याच्या आदी सरकारी दवाखान्यात धाडायचं."

नातू गेल्यावर मी खुर्चीवर बसून राहिले. 'नानांनी पाठवलं' हे मी इतकी वर्षं ऐकतेय. मला वाटायचं लेकीचा धंदा चालावा म्हणून गिऱ्हाईक पाठवतात. मी त्याचाही राग करायचे. मी रिपोर्टवर लाल पेनानं 'लगेच डॉक्टरला दाखवा' लिहायचे आणि मनात म्हणायचे, जातील आता माळ बांधायला.

ते लाल अक्षर बघून नाना काय करायचे हे मी कधी विचारलंच नाही.

संध्याकाळी फोन केला. हॅलो न म्हणता विचारलं, लाल चिठ्ठीवाल्यांना काय सांगता?

"सांगतो, तुजी माळ जड हाय, ही दवाखान्यातच उतरंल. बांधतो आन् गाडीत बशीवतो. नुसतं जा म्हनलं तर जात न्हाईत गं. घरी घेऊन जात्यात, दुसऱ्याकडं जात्यात. माज्या हातचा दोरा असला की जात्यात."

"आणि तुमची स्वतःची चिठ्ठी? ती लाल नव्हती का?"

"मी दवाखान्यात पडलो तर," म्हणाले, "ही समदी कुनाकडं जातील? त्या खालच्या आळीतल्याकडं. त्यो नाकात रस सोडतो आन् दवाखान्याचं नाव काडू देत न्हाई."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेवटी म्हटलं, तुम्हाला काय हवंय ते सांगा, पण नगरला चला.

"रविवारी तू बस."

"कुठं?"

"ओट्यावर."

१४ ऑगस्ट, गुरुवार

सोनोग्राफी झाली, पारनेरलाच, तेवढ्याला नाना तयार झाले. पित्ताची नळी फुगलीय, खाली काहीतरी अडलंय. खडा का गाठ, सांगता येत नाही. सीटी करा, नगरला. सोनोग्राफीवाले डॉक्टर मला ओळखतात, हसले नाहीत.

मी अजून रविवारचं हो म्हटलेलं नाही. नाना अजून नगरचं हो म्हणालेले नाहीत. गाडीत दोघंही खिडकीबाहेर बघत.

हे म्हणाले, "बाप-लेक सारखेच." त्यांच्यावरही भडकले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हो म्हटलं.

ओढ्यावर गेलो. नानांना वेल तोडू दिली नाही, मीच तोडली. कुठून तोडायची, किती ठेवायची, ते काठीनं दाखवत बसले. चार पावलं चालून बसत होते. दुपारभर गाठी शिकवल्या. शिकवायला लागलंच नाही फारसं. लहानपणी शेजारी बसून बघितलेलं सगळं बोटात होतं. मला त्याचाही संताप आला. मी विसरले असते तर बरं वाटलं असतं.

"घट बांधू नगस. वाडली पायजे."

म्हणजे सैल कशी पडेल अशी बांधायची. फसवणुकीची तालीमच की ही. तसं म्हटलं त्यांना.

"व्हय," म्हणाले. "पन गाडीत बशीव."

१६ ऑगस्ट, शनिवार

नगर. भरती. संतोष आला, रंगवलेले केस विस्कटलेले. डॉक्टरांनी विचारलं, काही इंजेक्शन, काही जडीबुटी? मी संतोषकडे बघितलं. डॉक्टरांनी परत विचारलं.

शेवटी त्यानंच सांगितलं, मान खाली घालून, नाव, किती दिवस, किती घेतलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, "याचं काय होतं हे आम्हालाही नीट माहीत नाही" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

सीटीच्या आधी सिस्टर म्हणाली गळ्यातलं काढा. नानांनी माळ काढली, माझ्या हातात दिली. बेंबीला टेकायला चार बोटं कमी होती.

१७ ऑगस्ट, रविवार

बसले.

संतोषला नानांपाशी ठेवून पहाटे निघाले. ओट्यावर घोंगडी, ताट, दोरा, वेल. नऊ जण. "नाना कुठायत?" आजारी आहेत. "काय झालं?" कावीळ. मला वाटलं आता उठून जातील. एक बाई म्हणाली, "मंग दवाखान्यात न्हेलंय का न्हाई?" म्हटलं नेलंय. "ब्येस केलं," म्हणाली आणि पुढं सरकली. कुणीच उठलं नाही. मी रात्रभर ज्याला भीत होते ते झालंच नाही.

पाच जणांकडं चिठ्ठी नव्हती, त्यांना परत पाठवलं. तिघांना बांधली.

शेवटी एक सासू सुनेला घेऊन आली. सून विशीची असेल. डोळे पिवळे, पण ते नाही. ती बसल्या जागी पेंगत होती. सासू म्हणाली, "झोपच लई येती तिला. काम नगं म्हनून का काय."

मी विचारलं, बाळा, आज वार कोणता?

तिनं डोळे उघडले. "बेस्तरवार." मग म्हणाली, "तुमी कुनाच्या?"

माझ्या हातातली दोऱ्याची रीळ पडली.

म्हटलं आत्ताच्या आत्ता नगर. गाडी बोलवा. सासू म्हणाली, "माळ?" म्हटलं माळ नाही, गाडी. तिचं लिव्हर बंद पडतंय. "आदी माळ बांदा मंग बगू. एवड्या लांबनं आलोय. न्हाईतर खालच्या आळीत जाऊ आमी."

सासूनं सुनेच्या दंडाला धरून उठवलंही.

मी बांधली. सहा गाठी, सैल. तिच्या डोक्यावर ठेवली. आणि नानांच्या आवाजात म्हटलं, ही जड आहे, ही दवाखान्यातच उतरेल. सासू लगेच हात जोडून उभी राहिली. आमचे हेच गाडी घेऊन आले होते, त्यांच्याच गाडीत बसवलं.

गाडी गेल्यावर न्हाणीत जाऊन हात धुतले. तीनदा धुतले. वेलीचा हिरवा रंग जातो, वास जात नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तोंडातून नळी घालून नानांची वाट मोकळी केली. खडा नव्हता. गाठ आहे. तुकडा तपासायला गेलाय. रिपोर्ट सोमवारी.

संतोष कॉरिडॉरमध्ये रडला. मी पाठीवर हात ठेवला. अजून राग आहे. तो सांगतोय बोर्ड काढणार. बघू.

ती सून त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर आयसीयूत. काल मला बघून म्हणाली, "तुमी माळवाल्या बाई ना?" ओळखलं तिनं. पण रक्त अजून नीट गोठत नाही. मी रोज तिचे आकडे विचारते, सिस्टर वैतागल्यात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी ती सासू धावत वर आली. चेहरा फुललेला. "बाई, माळ छातीपातुर आली! उतरतीया! ह्ये लोक आनखी दहा दिस म्हनत्यात. डिस्चार मागू का?"

माझीच माळ. मीच सैल बांधलेली.

सांगावंसं वाटलं की बाई, ती माठावरही वाढते. तोंडाशी आलं होतं. नाना पलंगावरून माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, "बेंबीच्या खाली चार बोटं जाईपर्यंत दवाखान्याची पायरी उतरायची नाही. उतरलात तर माळ उलटते." हे मी बोलले. माळ उलटते. असलं काही आमच्या तीन पिढ्यांत कुणी म्हटलेलं नाही, मी तिथल्या तिथं रचलं. सासूचं तोंड पांढरं पडलं. "न्हाई न्हाई, बसतो आमी," म्हणाली आणि खाली पळाली.

नाना उशीवर मान टेकून हसत होते. आवाज नाही, नुसतं पोट हलत होतं.

"कळलं आता?"

कळलं, म्हटलं. कळलं म्हणजे माफ केलं असं नाही. आईला गाडीत का नाही बसवलं, त्याचं उत्तर अजून राहिलंय.

हसायचे थांबले. "त्याचं उत्तर न्हाईच माज्याकडं," म्हणाले. "तवा म्या बी माळच बगत बसलो व्हतो."

मग चहा आला, गेला.

त्यांची माळ मी उशाशी कप्प्यात ठेवली होती, सकाळी सिस्टरनं टाकून द्यायला काढली, ती मी घेतली आणि सलाईनच्या स्टँडला अडकवली, का ते मला विचारू नये. तिचा कशाशी काही संबंध नाही हे जगात मला सगळ्यात चांगलं माहीत आहे. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. रिपोर्ट सोमवारी आहे. आज सकाळपासून दोनदा बघितली.